सुपडूच्या दंडावरचा फोड

कोरीट, ता. १८ मार्च १९६३

रा. रा. चुनीलालभाई यांस सुपडूचा रामराम. म्हसावदची मंडळी धडधाकट असतील, केळी पाण्यावर असतील आणि रंजना (माझी बायको, पण रागावून माहेरी आली की जास्त तुमची बहीण) दोन्ही वेळा नीट जेवत असेल, असं धरून चालतो. मी एकदम झकास आहे.

शेजारच्या गावात देवीची साथ आल्यापासून तिचं एकच पालुपद, टोचून घ्या. मी म्हटलं, पस्तीस वर्षांत मला साधं पडसं नाही, देवी माझ्या वाटेला कशाला जाईल? तेव्हा दंडावर फोड दिसल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही, असं बजावून ती बाळासकट गाडीत बसली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तर कळवतो की मागे मिरची विकायला नंदुरबारला गेलो तेव्हा टोचून आलो, आणि फोड आला. चांगला लिंबाएवढा. आमचा देवीडॉक्टर (गावोगाव टोचत फिरणारा सरकारी माणूस) म्हणाला, बारा वर्षांच्या नोकरीत लस अशी धरलेली पाहिली नाही. त्यानं मला चावडीवर खुर्ची टाकून बसवलं आणि गावाला माझा दंड दाखवला. बायकांनी दंडाला हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या रुखमाबाईनं देवी बसली म्हणून आठ दिवस मला दहीभाकरीवर ठेवलं (घरात मिरचीची पोती, ताटात बोटभर ठेचा नाही). म्हातारा धुडकू, जो सुईचं नाव काढलं की शेतात पळायचा, तो म्हणाला, "सुपडूले काही व्हयनं नई, ते आपले काय व्हई?" आणि बाही सारून पहिला उभा राहिला. त्याच्यामागे अख्खं गाव. दोन दिवसांत लहानथोर सगळे टोचून झाले. लस म्हणजे लस, भाई, शंका नको. रंजनाला आता पाठवून द्या.

आपला,
सुपडू

ता. क. बाळाला टोचलं नसेल तर आजच टोचा. उद्यावर ढकलू नका.

दुसरा ता. क. हे रंजनाला वाचून दाखवू नका. नंदुरबारला मी रांगेत उभा राहिलो, हे खरं. पण पुढच्या माणसाला सुई लागताना पाहिली आणि चहा पिऊन येतो म्हणून सटकलो तो थेट घरी. फोड लसीचा नाही, बिब्ब्याच्या तेलानं भाजल्याचा आहे. जरासाच लावला होता, पण उतला.

तिसरा ता. क. काल आमच्या गल्लीतल्या भिला शेजाऱ्याच्या पाहुण्याला देवी आल्या. गाव निवांत आहे, सगळे टोचलेले. अख्ख्या कोरीटात बिनटोचलेला मी एकटा, आणि आता इथं कोणत्या तोंडानं बाही सारू? गुरुवारी येतो. बाळापासून लांब, मळ्यातल्या खोपटात उतरेन. तुमच्याकडच्या देवीडॉक्टरला तिथंच बोलवा, उजवा दंड कोरा आहे. आणि भाई, टोचताना मला दोघांनी धरा. मी सोडा म्हटलं तरी सोडू नका.