पलटणीचा शेफ

ता. २ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणता आणि ऐकू काहीच आलेलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. अक्षराला हसू नका, शाळेत बाकावर बसलो किती आणि बाकाबाहेर किती, तुम्हाला माहीत आहे.

नवीन काम बाहुल्या रंगवायचं आहे. यालाही हसू नका. धातूचे सैनिक, अंगठ्याच्या पेराएवढे. मोठमोठे बाप्ये ते टेबलावर मांडतात, फासे टाकतात, टेपने अंतर मोजतात आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढाया परत लढतात. त्यांना रंग खरा लागतो. कोटाची बाही चुकली की माल परत. म्हणून आधी शोधायचं, मग रंगवायचं. बाहुलं बाटलीच्या बुचावर चिकटवायचं, बूच डाव्या हातात धरायचं आणि श्वास रोखून ब्रश टेकवायचा.

सध्या जर्मन सेनापती आलेत. प्रशिया नावाचं त्यांचं एक राज्य होतं, तिथले. गिऱ्हाईकाने सोबत इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स दिल्यात, त्या अक्षर अक्षर लावत वाचतो. एकावर मात्र दोन दिवस अडकलो होतो. त्याच्या नावापुढे लिहिलंय, अमक्या पलटणीचा शेफ. आता शेफ म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, हॉटेलात भांडी घासलीत मी. मामा, हा आचारी आहे. सेनापतींच्या रांगेत चक्क आचारी. टोपीच्या काठाला पांढरी पिसं आहेत, ती कोंबड्या सोलताना चिकटली असणार. हातात दांडकं होतं, त्याला डावाचं टोक रंगवलं. आतल्या लांब जाकिटाचा ॲप्रन केला आणि वर रश्शाचे दोन डाग टाकले, तुमच्यासारखे, पोटाच्या डाव्या बाजूला.

शेजारच्या टेबलावरचा कारागीर कानात गाण्याची बोंडं घालून काम करतो. सकाळी मान हलवतो, संध्याकाळी मान हलवतो, मधे काही नाही. खोली दुकानाच्या वरच आहे. खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसते. रविवारी दुकान बंद असलं की आवाज ऐकावा म्हणून उगाच खोकतो.

महिनाअखेर तुमची इस्पितळाच्या कॅन्टीनमधली स्वयंपाकाची नोकरी संपेल. मग त्या घरात एकटे भिंतींना काय वाढणार? इकडे या. दुसरी खाट मावते, मापून पाहिलं. हो म्हणा.

आहे ती माया आटू देऊ नका.
तुमचा,
भिंगरी

ता. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचलं ती चूक झाली. आता कुणी मला नीट हाक मारत नाही. भाजी चिरणाऱ्या बाया सेनापती म्हणतात. भांडेवाल्याने झारा खांद्याला लावून सलाम ठोकला. वॉर्डातले दोन डॉक्टर मुद्दाम बघायला आले. मीही ऐटीत सांगितलं की सैन्य पोटावर चालतं, तर पोट भरणाऱ्याला सेनापती करायला जर्मनांना सुचलं, इस्पितळाला अजून सुचलेलं नाही. आचाऱ्याचा फोटो पाठव, मसाल्याच्या फळीवर लावतो. आणि डाग दोनच कशाला टाकलेस, काम करणारा माणूस दिसायला हवा.

येण्याचं म्हणशील तर जमायचं नाही. राग मानू नकोस. गॅरेज झालं, छापखाना झाला, हॉटेल झालं, गोदीत पोती वाहणं झालं. कुठे बूड टेकलंस? मी इथलं बिऱ्हाड मोडायचं, गाठोडं घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं आणि तू मालकाशी भांडून तिसऱ्याच गावाला गेलेला. माझी बहीण गेली तेव्हापासून तू माझ्याकडे आहेस. तुझ्या पायांना मी ओळखतो. भिंगरी हे नाव मी काय पंचांग बघून ठेवलं नव्हतं.

एकटं राहायचं काही वाटत नाही असं लिहिणार होतो. पण एकट्यापुरतं शिजवता येत नाही. हाताला दोनशे माणसांचं मीठ ठाऊक. परवा पातेलंभर झालं, तेच तीन दिवस खाल्लं. असो.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, पत्र मात्र मागावं लागतं.
तुझा,
मामा

ता. २३ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोटो पाठवत नाही. तो आचारी नव्हता.

गिऱ्हाईक दुकानात आलं होतं. म्हातारे गृहस्थ आहेत. भिंगातून बघता बघता इतके हसले की डोळे पुसायला लागले. मालक हसले नाहीत. गृहस्थांनी सांगितलं की जर्मनांच्या बोलीत शेफ म्हणजे प्रमुख, पलटणीचा धनी. तिथल्या सेनापतीला तेव्हा स्वतःचा असा वेगळा गणवेश नसायचा. ज्या पलटणीचा तो शेफ, तिचाच कोट त्याच्या अंगात. पिसं शहामृगाची, तेवढीच सेनापतीपणाची खूण. आणि पलटणही शेफच्याच नावाने ओळखली जायची. म्हणजे शिपायाला कुठला म्हणून विचारलं, तर तो कोणाचा ते सांगायचा.

शेजारच्याने कानातली बोंडं काढली आणि मला आचारी म्हणाला. इतक्या दिवसांत त्याने मला मारलेली ही पहिली हाक. मालकांनी बजावलं, शनिवारपर्यंत दुरुस्त कर, नाहीतर आपला रस्ता धर.

मी त्याच संध्याकाळी रस्ता धरला. पिशवी भरली, जिना उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो. एरवी कोपऱ्यावर पोचेपर्यंत पुढचं गाव डोक्यात तयार असतं. या वेळी काहीच नव्हतं. माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. मी लहान असताना आपल्या गल्लीत कुणीही अडवून विचारायचं, कोणाचा रे तू? मामांचा म्हटलं की बास, मग कैऱ्या चोरल्या तरी सोडून द्यायचे. इथे कैऱ्या नाहीत आणि विचारणाराही नाही. मग मनात आलं, समजा मामा आलेच आणि मी नसलो, तर याच कोपऱ्यावर गाठोडं घेऊन उभे राहतील आणि त्यांनाही कुणी विचारणार नाही. परत वर गेलो.

स्पिरिटमध्ये बुडवून रंग काढला. ॲप्रन गेला, डाग गेले, डाव गेला. कफ त्याच्या पलटणीप्रमाणे लाल केले, झेरॉक्सशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. शनिवारी मालकांनी भिंग लावलं आणि पुढची पेटी माझ्यासमोर सरकवली.

मी इथे टिकेन अशी शपथ घेत नाही. माझ्या शपथांना तुम्ही विचारत नाही आणि ते बरोबरच आहे. परत वर गेलो एवढं मात्र लिहून देतो. कॅन्टीनमध्ये शेफचं खरं काही सांगू नका हवं तर.

रागावलात तरी चालेल, पण पत्र धाडा.
तुमचा,
भिंगरी

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कॅन्टीनमध्ये मीच सांगून टाकलं. पंधरा-वीस दिवस सेनापती होतो, पुष्कळ झालं. बायांचं म्हणणं पडलं की जर्मनांना अक्कल नाही, आणि शेवटच्या दिवसापर्यंत हाक बदलली नाही.

त्या दिवशी डाव नव्या माणसाच्या हातात दिला. तो हातमोजे घालून शिजवतो, चवही चमच्याने बघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने उठलो, आंघोळ केली, चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं आणि मग आठवलं. चपला न काढता तसाच खुर्चीवर बसून राहिलो. ऊन दारातून आत आलं, मागच्या भिंतीपर्यंत गेलं. तुझं कोपऱ्यावरचं वाचलं होतं, म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

मोठी पातेली शेजारणीला दिली. बिऱ्हाड एका ट्रंकेत बसलं, इतक्या वर्षांत जमवलं काय होतं कोण जाणे. वीस तारखेच्या गाडीने निघतो. स्टेशनवर ये, तुमच्याकडचे रस्ते मला कळायचे नाहीत.

मधल्या दिवसांत नोकरी सोडू नकोस. अगदीच पाय शिवशिवले तर मी पोचेपर्यंत कळ काढ. मग सोडायचीच असेल तर दोघं मिळून सोडू.

भेटीत उरलेलं बोलू, तोवर लोभात काटकसर नको.
तुझा,
मामा