जनरलच्या तबकात औक्षण

बाबा, तुमचं ते चांदीचं तबक परवा एका बाईने छातीशी धरलं आणि ती रडली. आनंदाने रडली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, हिने पुन्हा काहीतरी उकरून काढलं. ती बाई माझी विहीण होणार आहे. तुम्ही गेलात तेव्हा दुपट्यात असलेला तुमचा नातू आता लग्नाचा झालाय आणि त्याने पसंत केलेली मुलगी नेमकी त्याच देशातल्या घरातली आहे, जिथून तुम्ही ते तबक आणलंत. देशाचं नाव लिहीत नाही. आपल्या घरात ते नाव घ्यायची पद्धतच नव्हती. तुम्ही 'प्रोजेक्ट' म्हणायचात, आई 'तिकडे' म्हणायची, आणि मला कितीतरी दिवस वाटायचं की प्रोजेक्ट हे एखाद्या गावाचंच नाव असेल.

साखरपुडा इथे अमेरिकेत, श्रूजबरीला आमच्या घरीच केला. आई असती तर जसं केलं असतं तसंच सगळं केलं. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता, आणि ते सगळं ठेवायला ते तबक. मुळात तो कॉफीचा ट्रे. त्याला कडेला दोन मुठीसुद्धा आहेत. पण चांदीची वस्तू घरात आली की मराठी बाई तिचं दुसरं काय करणार? आईने आल्या आल्या त्याला कुंकू लावलं आणि तो जनरलचा ट्रे आपल्या देवघरात दाखल झाला. माझी प्रत्येक वाढदिवसाची ओवाळणी त्यात, तुमचं पाडव्याचं ओवाळणं त्यात, माझ्या लग्नातलं औक्षणही त्यातच. मधोमध त्या देशाचा पक्षी कोरलेला आहे, तो आईने टूथपावडरने घासून घासून इतका गुळगुळीत केला की आम्हाला ती नक्षीच वाटायची. मुलीला ओवाळलं, मग मान म्हणून तिच्या आईलाही ओवाळलं. तिने वाकून तबकात पाहिलं, अंगठ्याने कुंकू बाजूला सारलं आणि एकदम ओरडलीच, हा तर आमचा पक्षी! माझ्या लेकाने कौतुकाने सांगितलं की आजोबांनी तुमच्या राजधानीत टेलिफोन एक्स्चेंज उभारलं, त्याबद्दल तिथल्या सरकारने भेट दिलीय. झालं. तिने तबक उराशी धरलं, मग मला धरलं. म्हणाली, "तुझ्या वडिलांनी आमच्या घरात आवाज आणला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटो काढले. लग्नात अंगठ्या याच तबकातून आणायच्या असंही तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मी हसत होते, बाबा. तुमच्याच तालमीत तयार झालेली मुलगी आहे मी, चारचौघांत तोंड कसं ठेवायचं हे मला शिकवावं लागत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर ईडन प्रेरीचं आपलं स्वयंपाकघर आलं. तेव्हा तिथे दुसरं देशी घर नव्हतं, दुकान नव्हतं, आई ताकाच्या विरजणाला जिवापेक्षा जपायची. तुम्ही तिकडून नुकतेच परत आला आहात, कोट खुर्चीवर टाकलाय, आई थालीपीठ थापतेय आणि मी टेबलाशी भूगोल घेऊन बसलेय. तुम्ही खुशीत आहात. रस्ते कसे आरशासारखे स्वच्छ, संप नाही, मोर्चा नाही, माणसं रांगेत उभी राहतात. आपल्याकडे दहा वर्षं असा एखादा जनरल आणून बसवला पाहिजे, म्हणजे सुतासारखे सरळ येतील सगळे! मग जरा आवाज खाली आणून तुम्ही आईला त्या खोलीबद्दल सांगता. एक्स्चेंजच्या मागे एक वेगळी खोली त्यांनी बांधायला लावली होती. नकाशात नव्हती. शहरातला कुठलाही फोन तिथे बसून ऐकता येईल अशी जोडणी तुम्ही करून दिली होती, आणि ती इतकी सफाईदार झाली होती की बोलणाऱ्याला साधी खरखरही जाणवू नये. त्या खोलीच्या उद्घाटनालाच जनरल स्वतः आला होता. तबक त्या खोलीचं आहे, बाबा, एक्स्चेंजचं नाही. आईने विचारलं, कुणाचं ऐकणार ते? तुम्ही म्हणालात, आपल्याला काय करायचंय, आपण वायर जोडायची. आणि इथल्या सरकारचाच पैसा आहे त्यात, म्हणजे सगळं कायदेशीरच असणार. आईने थालीपीठ उलटलं. विषय संपला.

माझ्यासाठी संपला नाही, हे तुम्हाला स्टेट कॉलेजला कळलं. मी तिथे शिकत होते, आम्ही तिघी-चौघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. असल्या जनरलांना अमेरिकेने मदत देऊ नये म्हणून कॅम्पसवर निदर्शनं झाली, त्यात मी पाटी धरून उभी होते आणि तो फोटो कुठून तरी तुमच्यापर्यंत पोचला. तुम्ही कामासाठी पिट्सबर्गला आला होतात, तिथून गाडी घेऊन थेट माझ्या दारात. पाणीसुद्धा घेतलं नाहीत. माझ्या मैत्रिणी आतल्या खोलीत जाऊन बसल्या. खाल्ल्या मिठाला जागायला शीक, म्हणालात. आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने यजमानाच्या घरातली भांडी वाजवायची नसतात. तुम्हाला भीती वाटत होती हे आज कळतं. नागरिकत्व नवं, नोकरी त्या एकाच कंपनीची, आणि रंग बघूनच माणसं आवाज चढवायची ते दिवस. पण तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला फक्त राग येत होता. मी त्या खोलीचं नाव काढलं. विचारलं, तिथून ऐकून ते काय करतात? तुम्ही कोटाची बटणं लावत, अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं म्हणालात, "फोन ऐकून माणूस मरत नाही, बाळ."

आता माझ्या विहिणीचे वडील कसे मेले ते ऐका.

साखरपुड्यानंतर ती एका दुपारी एकटीच आली, सोबत तिच्या हातचा केक होता. मी चहा केला, आलं घालून, आणि तिने तो मोठ्या प्रेमाने अर्धा ठेवला. तिचे वडील निवडून आलेल्या सरकारात मंत्री होते. जनरलने ते सरकार उलथवलं तेव्हापासून ते लपून राहायचे, रोज नवं घर. नवा फोन आला होता, आवाज कसा स्वच्छ, म्हणून एकदा त्यांनी धीर करून घरी फोन केला. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. माझ्याच वयाची ती, बाबा, मी भूगोल घेऊन बसायचे त्याच वयाची. ती फोनवर रडली, हट्टाला पेटली, या म्हणजे याच. त्यांनी सांगितलं, संध्याकाळी येतो, बेकरीच्या मागच्या गल्लीने येतो. त्या गल्लीत गाडीत बसून माणसं त्यांची वाट बघत होती. केक टेबलावर होता आणि गोळ्यांचा आवाज घरात ऐकू आला. त्यानंतर त्या शहरात कुणी मंत्र्यांचं नाव मोठ्याने घेतलं नाही. प्रेताला खांदा द्यायलाही माणसं पुढे झाली नाहीत. मायलेकी कुठून कुठून फिरत शेवटी आल्या त्या याच देशात, वूस्टरला, आणि तिची आई हॉटेलच्या खोल्या साफ करत म्हातारी झाली. ज्यांच्या पैशाने खोली बांधली त्यांच्याच खोल्या झाडायच्या; बरा हिशोब जमवलाय जगाने.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी गप्प बसले असते, खरं सांगते. तुमचं पाप तुमच्याबरोबर गेलं असं म्हणून मोकळी झाले असते. पण त्या दिवशी फोनजवळ तिघंच होती, ती, तिची आई आणि तिचा मामा. मामा सरकारी कचेरीत कारकून होता आणि नंतर नात्यातले सगळे पकडले गेले तरी त्याला कुणी हात लावला नाही. त्यानेच खबर दिली असं ठरायला एवढं पुरेसं झालं. तिच्या आईने सख्ख्या भावाला दारातून हाकलला, मरेपर्यंत त्याचं तोंड पाहिलं नाही. गावाने त्याला वाळीत टाकलं, त्याच्या दारावर काहीबाही लिहिलं. आणि तो मामा अजून जिवंत आहे, बाबा. नव्वदीला टेकलाय, अंथरुणाला खिळलाय, आणि भाचीने एकदा येऊन भेटावं एवढंच मागतोय. माझी होणारी सून म्हणते, आपण त्यांना लग्नाचं आमंत्रण तरी पाठवू. विहीण म्हणते, तो मेला तरी मी जाणार नाही. बोलताना तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. मग एकदम मऊ होऊन म्हणाली, कधी कधी वाटतं, मीच हट्ट केला नसता तर. माझा हात हातात घेऊन बसली ती. तुमच्या मुलीचा हात.

गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळींचं पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा तसलं. पुण्याहून नवा आलेला एक आयटीतला मुलगा पावभाजी खाता खाता म्हणाला, "काकू, आपल्याला एक डिक्टेटरच पाहिजे यार, पाच वर्षांत सगळं सरळ." सगळ्यांनी माना डोलावल्या. अगदी तुमचाच सूर, तुमचंच समाधान, फक्त 'यार' नवीन. मी त्याला काय बोलले ते लिहीत नाही, पण माझा नवरा मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला आणि गाडीत म्हणाला, अगं, पावभाजीवरून कशाला भांडतेस.

मी एक प्रयत्न करून पाहिला. तुम्ही शिकवलेल्या पद्धतीने, नामानिराळं राहून. विहिणीला फोन केला आणि म्हटलं, त्या काळात अशी एक्स्चेंजं असायची जिथून सगळं ऐकलं जायचं, मी कुठेतरी वाचलंय. तुझ्या मामाने काहीच केलं नसेल. ती म्हणाली, या देशात सगळ्यांनी कुठेतरी काहीतरी वाचलेलं असतं. आणि शिवाय ते एक्स्चेंज तर तुझ्या वडिलांनी बांधलं, ते असलं काही करतील का? तुमच्या चांगुलपणाची ग्वाही ती मला देत होती! म्हणजे आता तुमचं नाव घेतल्याशिवाय हे खरं तिला पटणारच नाही. ती खोली होती, ती माझ्या बापाने बांधली, त्याने ते माझ्यासमोर स्वयंपाकघरात सांगितलं, एवढं सगळं म्हटलं तरच तो म्हातारा सुटेल. आणि माझ्या लेकाचं लग्न राहील की नाही ते मला माहीत नाही. लेकाला काल सगळं सांगितलं. त्याने मला एवढंच विचारलं, तू हे कधीपासून जाणतेस? मी म्हटलं, पाचवीपासून. तो म्हणाला, मग सांग तिला, आणि आपल्या खोलीत निघून गेला.

उद्या सकाळी ती येतेय, मीच बोलावलंय. सांगणार आहे. आडपडदा न ठेवता, तुमचं नाव घेऊन, ती पुन्हा माझ्या घराची पायरी चढली नाही तरी. आज दिवसभर मी स्वतःशीच बोलून तयारी करतेय, कुठून सुरू करायचं, काय आधी सांगायचं, आणि बोलता बोलता मधेच हे तुम्हाला लिहायला बसले. कुठे पाठवणार म्हणा. लग्न मोडेल याची मला भीती वाटते, ती कुठल्याही आईला वाटेल, त्याचं काही नाही. दुसरीच एक गोष्ट आहे जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. उद्या ती बाई माझ्यासमोर बसून तुम्हाला खुनी म्हणेल, आणि तिचं बरोबर असेल, आणि मला माहितेय, बाबा, त्या क्षणी माझ्या तोंडात येईल, तसे नव्हते हो ते.