दुसरा मजला, मागची खोली: माझ्या पश्चात

मी, खाली सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, व्यवसायाने लिफ्ट तपासणारी तंत्रज्ञ, हा कागद माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहिते आहे. कोणी सांगितलं नाही, कोणी धाक घातला नाही. डोकं ठिकाणावर आहे. ताप नाही, नशा नाही. काही लोकांवर राग आहे, पण तो जुना आहे आणि त्यामुळे माझ्या हिशोबात चूक होत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

माणसांची पूर्ण नावं, जन्मतारखा आणि ओळखपत्रांचे क्रमांक सोबतच्या पानावर आहेत. इथे मी प्रत्येकाला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहिते.

१. आताच का

एवढ्या लवकर हे कशाला, असं दादा विचारेल, म्हणून कारण लिहून ठेवते. गेल्या हिवाळ्यात आमचा एक सहकारी नव्या टॉवरच्या लिफ्टच्या शाफ्टमध्ये पडला आणि गेला. त्यानंतर ऑफिसने सगळ्यांना वारसाचं नाव भरायला सांगितलं. मी ती चौकट रिकामी सोडली. कारकून कागद घेऊन परत आला. "मॅडम, काहीतरी लिहा. कोणीतरी असेलच ना." मी दादाचं नाव लिहिलं, कारण दुसरं सुचलं नाही. ऑफिसकडून जे काही मिळेल ते दादाचंच राहील, त्यात मी बदल करत नाही.

या कागदाचा मुख्य विषय ते पैसे नाहीत. मुख्य विषय ही खोली आहे, आणि ती माझ्या मालकीची नाही.

२. खोली

दुसऱ्या मजल्यावरची मागची खोली, ओटा, न्हाणीघर आणि मागच्या चौकाकडे उघडणारी एक खिडकी. आधी ती माझ्या आत्याकडे भाड्याने होती. आत्या चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. मी डिप्लोमासाठी या शहरात आले तेव्हा तिने मला एका अटीवर ठेवून घेतलं: "राहा, पण माझ्यामागे भुणभुण लावू नकोस." आम्ही नऊ वर्षं एका खोलीत राहिलो आणि फारसं बोललो नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, आमचं वाजलंय. वाजलेलं काही नव्हतं. आमचं तसंच जमायचं.

आत्याच्या करारात जुन्या मालकाने एक कलम घातलं होतं. भाडेकरूच्या पश्चात, तिच्याबरोबर याच खोलीत राहणाऱ्या आणि तिने लेखी नेमलेल्या व्यक्तीकडे हा करार त्याच भाड्याने जाईल. आत्याने मला नेमलं आणि ती गेल्यावर करार माझ्याकडे आला. पुढे मालकाने इमारत एका कंपनीला विकली, पण इमारतीबरोबर करारही गेला. म्हणून मी अजून जुन्या भाड्यात आहे. माझ्या वरच्या, खालच्या आणि शेजारच्या खोल्या पाचपट भाड्याने जातात, त्याही तीन-चार रात्रींसाठी. त्यांच्या दारांना आता आकडे दाबून उघडायची कुलपं आहेत. जिन्यावर बॅगांच्या चाकांचा आवाज येतो. चेहरा लक्षात राहीपर्यंत माणूस गेलेला असतो.

या खोलीतले माझे सर्व हक्क मी पोस्टमावशींना देते. त्या माझ्याबरोबर याच खोलीत राहतात.

वरचं शेवटचं वाक्य या कागदातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे, कारण कंपनीच्या मते त्या इथे पाहुण्या आहेत. त्या पाहुण्या ठरल्या तर हे कलम फुकट गेलं, आणि माझ्यामागे त्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढता येईल.

३. पोस्टमावशी

पोस्टमावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या पोस्टात पत्रांची वर्गवारी करायच्या, म्हणून हे नाव. चौथ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या करारात माझ्यासारखं कलम नव्हतं. कंपनीने आधी लिफ्ट बंद ठेवली आणि मग त्यांचं भाडं तिप्पट केलं.

लिफ्टमध्ये मोठा दोष नाही. तळमजल्यावरच्या दाराच्या लॉकचा कॉन्टॅक्ट झिजला आहे. मी कंपनीच्या मॅनेजरला सांगितलं, पार्ट मी आणते, मजुरी घेत नाही. तो म्हणाला, "मॅडम, हात लावू नका. कंत्राट दुसऱ्याचं आहे." तो दुसरा कधी आला नाही. मी दिवसभर परक्या इमारतींच्या लिफ्ट पास करते आणि संध्याकाळी घरी जिना चढते.

मावशींचे गुडघे गेलेले. आठवड्यातून एकदा खाली उतरायच्या आणि येता-जाता माझ्या दारासमोर पायरीवर बसायच्या. मला त्यांचा श्वास दारातून ऐकू यायचा. मी दार उघडत नसे. मग मी एक खुर्ची बाहेर ठेवायला लागले. एकदा मी कामावरून आले तर त्या खुर्चीत बसलेल्या.

"खुर्ची तुझी का गं?"

"हो."

"मग आत का नाही ठेवत? मीपण आत बसले असते."

करार संपला तेव्हा त्या भाच्याकडे जाणार होत्या. "त्याच्या बायकोने हॉल दिलाय मला," त्या म्हणाल्या. "फक्त टीव्ही काही हलवला नाही. सगळे उठून गेले की मग माझी झोप." मी म्हटलं, इथे या. हे मी का म्हटलं याचा खुलासा माझ्याकडे नाही. त्या म्हणाल्या, "येते, पण चार दिवस. नंतर माझं मी बघेन."

त्याला दोन महिने झाले. मी दुसरी खाट आणली. त्यांनी अजून ट्रंक उघडलेली नाही. रोज सकाळी पिशवीतून कंगवा काढतात, केस विंचरतात आणि कंगवा परत पिशवीत ठेवतात. चहाच्या कपाला "तुझा कप" म्हणतात, खिडकीला "तुझी खिडकी". मी रात्री भिंतीकडे तोंड करून झोपते. त्यांना ते दिसतं, पण विषय काढत नाहीत.

मृत्युपत्राचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "मरायचं वय माझं आणि कागद तू करतेस? उलटी गंगा आहे ही."

"तुम्ही आधी गेलात तर कलम आपोआप रद्द होतं."

"वा. म्हणजे मी मेले तरी तुझं काम वाढत नाही."

त्यांना हे नको असेल, असं मला अनेकदा वाटतं. उपकाराचं ओझं त्यांना सोसत नाही, मलाही नाही. म्हणून लिहिते: हे उपकार नाहीत. खोली रिकामी राहू नये आणि कंपनीकडे जाऊ नये, एवढाच हेतू आहे. याहून जास्त कोणी त्यात वाचू नये.

४. हत्यारांची पेटी

पाने, टेस्टर, मल्टीमीटर आणि आवाज ऐकायची नळी, पेटीसकट, हार्डवेअरवाल्या काकांना. नोकरीला लागले तेव्हा पान्यांचा पहिला संच त्यांनीच मला उधारीवर दिला होता. "पोरी, पळून जायचं तर पाने परत करून जा," असं म्हणाले होते. त्यांच्या दुकानाचं भाडं वाढलं आणि काकाच गेले. कुठे गेले ते मला कोणी सांगू शकलं नाही, आणि मी वेळेवर विचारलं नाही. दुकानात आता कॉफी मिळते. "खिळे, बिजागऱ्या, साखळ्या" ही त्यांची पाटी शोभेसाठी तशीच ठेवली आहे, तिच्याखाली उभे राहून लोक फोटो काढतात. काका सापडले नाहीत तर पेटी माझ्या डिप्लोमाच्या कॉलेजला द्यावी, पण शोधल्याशिवाय सापडले नाहीत असं म्हणू नये.

५. दादा, वहिनी, भाची

दादाकडे माझं ड्रिल मशीन आहे. पडदे लावायला नेलं होतं. ते त्यानेच ठेवावं. ते माझं होतं, एवढी नोंद पुरे.

खोली सोडायला कंपनी पैसे देते आहे हे कळल्यावर दादाने फोन केला होता. "घे आणि मोकळी हो. त्यात थोडी भर घालून आपण एक फ्लॅट बघू."

"आपण म्हणजे कोण?"

"अगं, म्हणजे नावावर आमच्या, पण तुझं येणं-जाणं राहीलच की. तू एकटी आहेस, तुला काय, कुठेही चालतं."

एकटीला कुठेही चालतं, हे मला मॅनेजरने सांगितलं, बँकेतल्या बाईने सांगितलं आणि सख्ख्या भावानेही सांगितलं. दादाशी माझं भांडण नाही. पण या विषयावर त्याने पोस्टमावशींना फोन करू नये.

वहिनीने आत्याच्या आजारपणात सुट्टी काढून इथे येऊन रात्री जागून काढल्या. ते मी विसरलेले नाही, बोलून मात्र दाखवलं नाही. माझं नवं शिलाई मशीन वहिनीला. बँकेतली शिल्लक अर्धी पोस्टमावशींना, भाड्यासाठी. अर्धी भाचीला, तिला जे शिकायचं असेल त्यासाठी. काही शिकायचं नसेल तरी तिलाच.

६. मॅनेजर

लिफ्ट दुरुस्त कशी करावी याची आकृतीसह माहिती मी मॅनेजरच्या नावे ठेवणार होते. हे कलम रद्द. कारण कलम ९ मध्ये आहे.

७. सायकल

सायकल कॉफीवालीला द्यायची होती. काकांच्या दुकानात आता ती काम करते. रोज पहाटे लांबून येते आणि शेवटच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी असते. पण ती साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग राहू दे ताई, मी सही करत नाही. सायकल चांगली आहे." म्हणून सायकल आजच, सह्यांच्या आधी, देऊन टाकली. ती आता माझी मालमत्ता नाही.

८. माझ्यामागे

कुठलाही विधी नको, भाषण नको. एकच सूचना आहे. माझं सामान रस्त्यावर काढून ठेवू नये. या गल्लीत खोली रिकामी झाली की गादी, खुर्च्या आणि आरसा भिंतीला टेकवून ठेवतात, आणि येणारे-जाणारे त्यातलं काय उचलावं ते बघत उभे राहतात. आरशात त्यांचे पाय दिसतात. ज्याला जे द्यायचं ते दार लावून, आत द्यावं.

९. साक्षीदार

हे कलम मी सह्यांच्या आधी, दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना लिहिते आहे.

ज्यांना काही मिळणार नाही आणि जे पुढे शोधल्यावर सापडतील, असे दोन साक्षीदार हवेत. मी ओळखीच्या लोकांचा विचार केला. जे जवळचे आहेत त्यांना काही ना काही दिलं आहे. गल्लीतले जुने लोक गेले. इमारतीतले नवे लोक तीन रात्रींनी जातात. उरले दोघे: कॉफीवाली आणि मॅनेजर. मॅनेजर कधीही सापडतो. शिवाय त्याने पाहिलेलं कंपनीला नाकारता येणार नाही.

कॉफीवालीने आपलं नाव आणि पत्ता लिहिला. मॅनेजर मांडीवर बॅग घेऊन स्टुलावर बसला.

"सगळं वाचावं लागेल का?"

"नाही. मी तुमच्यासमोर सही करते ते पाहायचं. आणि साक्षीदारांची ओळ तेवढी वाचायची."

त्याने ती मोठ्याने वाचली. "लिहून ठेवणारी आणि पोस्टमावशी या दोघी याच खोलीत राहतात, हे आम्ही पाहिले आहे." मग कागद खाली ठेवला. "मॅडम, चहाला बोलावलंत आणि फासात अडकवताय."

"पाहिलं नसेल तर सही करू नका."

"पाहायला काय, दर महिन्याला येतोच की. पण मी पाहतो ते लिहा असं मला कोणी म्हणत नाही. काय लिहायचं ते आधी सांगतात, मग बघायला पाठवतात." तो मावशींकडे वळला. "आजी, तुम्हीच सांगा. इथे राहता, की पाहुण्या आलात?"

मी पेन खाली ठेवलं. त्या काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. "पाहुणी" म्हणाल्या असत्या तर हा कागद मी फाडला असता आणि त्यांना अडवलंही नसतं. त्या खाटेच्या कडेला सरकून बसल्या.

"आजी असेल तुझी," त्या म्हणाल्या. "आणि पाहुण्यांशी लोक गोड बोलतात रे. कसे आहात, झोप लागली का, अजून थोडं घ्या. ही बया चार-चार तास तोंड उघडत नाही. असं कोणी पाहुण्यांशी वागतं का? घरच्याच माणसाशी वागतं."

कॉफीवाली हसली. मॅनेजर हसला नाही. त्याने माझं पेन मागितलं आणि नावापुढची हुद्द्याची जागा मोकळी सोडली. पत्ता लिहिताना कॉफीवालीने वाकून पाहिलं.

"तुम्हीपण तिकडेच?"

"तीन वर्षं झाली. आधी याच गल्लीत होतो, न्हाव्याच्या दुकानावर."

मावशी उठून ट्रंकेपाशी गेल्या आहेत. किल्ली कुठे ठेवली ते त्यांना आठवत नाही आणि त्या मला विचारताहेत, जसं काही मला ते माहीत असणार. मी आता लिहायचं थांबवून किल्ली शोधायला उठते. वर लिहिलेलं सर्व मी वाचलं आहे, ते खरं आहे आणि मला मान्य आहे.

ठिकाण: दुसरा मजला, मागची खोली
दिनांक: ९ मार्च, संध्याकाळ

लिहून ठेवणारी: (सही) लिफ्ट तंत्रज्ञ

साक्षीदार १: (सही) कॉफीवाली. राहणार: बसच्या शेवटच्या थांब्यापुढची वसाहत
साक्षीदार २: (सही) मॅनेजर. हुद्दा: लिहिलेला नाही. राहणार: तीच वसाहत

या खोलीत राहणाऱ्या: दोघी