कानाला गेलेला हात

रविवार, अधिक महिना. सासुरवाडी, दिंद्रुड.

धोंड्याचं जेवण झाल्यावर मेव्हण्यांनी मला तीन पत्ती खेळाय बसवलं. पैशावर न्हाई, चिंचोक्यांवर. हातात काहीच नव्हतं, तरी मी चेहरा न हलवता चाल वाढवत गेलो. बाकीचे पत्ते टाकायच्या बेतात हुते, तेवढ्यात धाकटा संतोष हसला.

"दाजी, कान चोळाय लागलात. पत्ते न्हाईत तुमच्याकडं! अक्कानं सांगितलंय, खोटं बोलताना दाजींचा हात कानाला जातो."

सगळे चिंचोके गेले. जाऊ द्या. पण जी खोड मलाच ठाऊक नव्हती, ती सुनीतानं बारा वर्षं बघितली, मला एका शब्दानं बोलली न्हाई आन् भावांना सांगून मोकळी! कावून? कशापायी? आपल्या माणसानंच असं करावं? म्हंजी बारा वर्षं मी बोलायचो, तवा ही माझ्या कानाकडंच बघत हुती का?

आत्ता चहा घेऊन आली.

"हरलात म्हणून रुसलात व्हय?"

"मी? छे! मला काय त्याचं."

ती नुसती हसली. माझा हात कुठं गेलता, ते मला तवा कळलं.