कुरड्यांचं ऊन

बिकानेर

सौ. जयवंतास,
रामाजीचा रागासकट आशीर्वाद.

इथे धाकट्या लेकाकडे कूलर आहे, मी बरा आहे. फोनवर रागावलो की तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून लिहितो.

नागपूर तापून लाल झालं आहे आणि तू भर दुपारी गच्चीवर कुरड्या पलटवायला गेलीस! चक्कर येऊन पडलीस, तेही मला काजल सूनबाईकडून कळलं. तुला विचारलं तर म्हणे, "ऊन वाया जाऊन राहिलं होतं नं!"

इथे वाळवंटात येऊन बघ. सांडा नावाचा सरडा दुपारी बिळात शिरतो आणि आतून मातीने तोंड बुजवून घेतो. उंट उन्हाकडे तोंड करून बसतो, म्हणजे कूस भाजत नाही. केर नावाच्या इथल्या झुडपाने तर पाणी उडेल म्हणून पानंच ठेवली नाहीत. झुडपाला समजतं, मग तुले काहून समजत नाही वं?

सूनबाईला सांगितलंय, सकाळीच गच्चीला कुलूप लावायचं. तिच्यावर ओरडू नको.

डोकं अजून गरगरतं का? खरं सांग. कुरड्या माझ्यासाठीच होत्या, हेही कळलं. मला नकोत. मी येईन तेव्हा दार तू उघड, एवढंच पाहिजे.

रामाजी