दोर, तयार

२ मार्च

आले एकदाची आयव्हर्स बेच्या कॉलेजात. बस उशिरा, तळं अजून गोठलेलं, बॅग बर्फातून फरफटत आणली, तरी मी खूश आहे. आल्या आल्या मला स्टेज मॅनेजर केलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी अख्खा नाट्यमहोत्सव स्वतः उभा करायचा, तिकिटं विकण्यापासून झाडू मारण्यापर्यंत, हीच इथली शेवटची परीक्षा. आधीची स्टेज मॅनेजर ऐन वेळी कॉलेज सोडून गेली म्हणे. माझी चांदी.

खोलीवर रेनाटा आहे, शेवटच्या नाटकाची नायिका. तिने माझ्यासाठी हॉटडिश, म्हणजे इथला बटाट्या-खिम्याचा भाजलेला प्रकार, गरम करून ठेवला होता. म्हणाली, आज नवी आहेस म्हणून लाड, उद्यापासून भांडी तुझी. मला ती पाहताक्षणी आवडली.

५ मार्च

आम्हाला नाटक शिकवणाऱ्या हॅवरकॅम्प बाई भलत्याच शिस्तीच्या. विंगेतल्या टेबलाशी मी, कानाला हेडफोन. मी ‘दिवे, तयार’ म्हणायचं, दिव्यांवरच्या अ‍ॅन्सेलने ‘दिवे, तयार’ असं उत्तर द्यायचं, मग मी ‘सोड’ म्हटलं की त्याने बटण दाबायचं. उत्तर आल्याशिवाय हुकूम पोचला असं धरायचं नाही. आणि एकदा कुणाला तयार केलं की ताटकळत ठेवायचं नाही; ‘सोड’ म्हणा, नाहीतर ‘रद्द’ म्हणा. अ‍ॅन्सेल म्हणतो, बाई नवऱ्याला जेवायलाही अशाच बोलावत असतील.

तालीम झकास चालली होती. शेवटच्या नाटकाच्या जुन्या संहितेत, पडदा उचलायच्या ठिकाणी, ‘दोर, तयार’ असं लिहिलेलं. मी म्हटलं. हेडफोनवर लगेच एका मुलीचं उत्तर, ‘दोर, तयार.’ स्वच्छ, गोड आवाज. तेवढ्यात आगीची घंटा वाजली. खाली कुणीतरी पॉपकॉर्न करपवले होते. आम्ही सगळे बाहेर बर्फात कुडकुडत उभे, आणि परत येईपर्यंत तालमीची वेळ संपलेली.

६ मार्च

अ‍ॅन्सेलला सहज विचारलं, दोरांवर कोण मुलगी असते? तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. दोरांचा माळा माझ्या टेबलाच्या बरोब्बर वर आहे, पण कधीचा बंद. वाळूच्या पोत्यांच्या वजनावर पडदे उचलायचा जमाना गेला, आता सगळं मोटरवर. पोती काढून नेलीत, शिडीला कुलूप आहे. म्हणाला, पोरगी पहिल्याच आठवड्यात खुळावली.

मीही हसले. पण मग मला उत्तर दिलं कुणी?

९ मार्च

रेनाटा प्रवेशाआधी माझ्या टेबलाशेजारी उभी राहते. आज मी ‘दिवे, सोड’ म्हटलं आणि तिच्या केसांत वाळू पडली. बारीक, कोरडी. पुढच्या ‘सोड’ला आणखी थोडी. तिने केस झटकले, म्हणाली, छप्पर म्हातारं झालंय. मी वर पाहिलं. काहीच नव्हतं.

रात्री भांडी घासताना लक्षात आलं. त्या मुलीला मी तयार केलं आणि तशीच ठेवली. ‘सोड’ नाही, ‘रद्द’ नाही. ती अजून तयार उभी आहे.

१० मार्च

‘दोर, रद्द’ म्हणून पाहिलं. पुन्हा पुन्हा. उत्तर नाही. म्हणजे हुकूम पोचला नाही.

बाईंना सगळं सांगितलं. त्या स्वतः कुलूप काढून वर जाऊन आल्या, डोक्यावर जळमटं घेऊन. वर काही नाही म्हणाल्या, पहिल्या महोत्सवाला सगळ्यांचीच डोकी फिरतात. प्रयोग थांबवा म्हणून मी भांडले. त्या म्हणाल्या, झेपत नसेल तर टेबलावर दुसऱ्याला बसवते. दुसरा बसला तर तोही ‘सोड’ म्हणणारच. आणि खाली रेनाटा. मी टेबल सोडलं नाही.

१२ मार्च

रंगीत तालीम. रेनाटाला पलीकडच्या विंगेतून यायला लावलं. आयत्या वेळी काय हा चावटपणा, म्हणून माझ्यावर उखडली.

तिकडेही वाळू. केसांत, खांद्यांवर, आता मुठीमुठीने.

आणि तो आवाज. मी दिवे म्हणते, पण अ‍ॅन्सेलच्या आधी ती — ‘तयार.’ दर वेळी. धीर सुटत चाललाय तिचा.

१३ मार्च, सकाळी

आज पहिला प्रयोग. रेनाटाच्या पाया पडले, आजचा दिवस प्रयोग नको करूस. ती रडली. म्हणाली, तुला माझं चांगलं बघवत नाही.

प्रयोगात किती वेळा ‘सोड’ म्हणावं लागेल — कुठल्यातरी एका ‘सोड’ला ती —

एकच उपाय दिसतो. थिएटर रिकामं करून तिला सोडून टाकायचं. जे पडायचं ते पडू दे. खाली कोणी नको, बस.

दुपारी

सगळ्यांना जेवायला पिटाळलं. मेकअपची खोली पाहिली, दोन्ही विंगा, खुर्च्यांच्या ओळी, संडाससुद्धा. अ‍ॅन्सेल गेला. बाई गेल्या. रेनाटा गेली, तोंड फुगवून, पण गेली. दारं आतून लावली.

हुकूम टेबलावरूनच जातो, म्हणून इथे बसलेय. लिहिलं की जरा धीर येतो —

म्हटलं. ‘दोर, सोड.’

लगेच नाही सोडलं तिने. शिस्तीची आहे. आधी विचारलं, खाली कोणी आहे का.

रोज मोजते तसे सगळे मोजले, एकेक नाव घेऊन. म्हटलं, कोणी नाही.

ती म्हणाली, बरं.

पानावर वाळू — मी सगळ्यांना मोजलं, पण मला —