इंदिरानगरची मागची खोली

देवळा
११ फेब्रुवारी २०२५

चि. निकिता,
खूप खूप आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत आहेत. सोमनाथकाकांचा गुडघा बरा आहे, काकूचं शिवणाचं मशीन पुन्हा बिघडलंय आणि त्यांची पोरं दिवसभर घर डोक्यावर घेतात. थंडी अजून हटत नाही. दुकानाचं शटर वर करताना हात गारठतात. फवारणीची औषधं न्यायला आलेले शेतकरी आत येत नाहीत, दारातल्या उन्हात उभे राहूनच कांद्यावर काय पडलंय ते सांगतात.

रोज फोन होत असताना नानांनी पत्र का धाडलं, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतेस, "नाना, एरिया कसा आहे? कंपनी किती लांब पडेल?" मी उत्तर देतो आणि फोन ठेवल्यावर वाटतं, सांगायचं ते राहूनच गेलं. तू अकरावीला नाशिकच्या वसतिगृहात होतीस तेव्हा मी दुकानात बसून तुला लिहायचो. आजही दुपारी गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या अटी मी पाठ केल्या आहेत. जूनमध्ये नाशिकला अंबडच्या ज्या कंपनीत तू रुजू होणार, ती घरून अर्ध्या तासात गाठता आली पाहिजे. रात्री नऊला सुटलीस तरी एकटीनं निर्धास्त घरी येता आलं पाहिजे. बाकी काही नको. सनी नावाचा एक दलाल गाठलाय. मुलगा चांगला आहे, फक्त प्रत्येक घरात शिरलं की तो एकच वाक्य बोलतो, "काका, व्हेंटिलेशन बघा." मी बघतो. मला वारा दिसत नाही, पण बघतो.

पहिल्यांदा म्हसरूळला गेलो. गच्चीवरून द्राक्षांचे मळे दिसतात, पार दिंडोरीच्या अंगाला हिरवं धुकं पसरल्यासारखं. मला तिथून हलवेना. पण तिथून अंबडला जायचं म्हणजे तुला रोज अख्खं शहर ओलांडावं लागेल. मग गंगापूर रोडला गेलो. ती घरं आपल्यासाठी नाहीत, हे लिफ्टमध्येच कळलं. पंचवटीत एक घर छान होतं, पण गल्ली इतकी अरुंद की समोरून रिक्षा आली तर तुझी गाडी मागं घ्यावी लागेल.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. रिकाम्या घरात गेलो की मला गुंगी आल्यासारखं होतं. भिंतीवर जिथं कॅलेंडर होतं तिथं फिकट चौकोन असतो, खिडकीतून ऊन येऊन फरशीवर पडलेलं असतं, आणि ते ऊन बघायला कुणी नसतं. सनी बोलत असतो आणि मी मनातल्या मनात तिथं राहायला लागतो. तुझं टेबल लावतो, चपला ठेवायची जागा बघतो. दुपारी दुकानात डोळा लागला तरी याच खोल्या एकामागून एक उघडत जातात आणि शेवटची खोली कधी येतच नाही.

तिसऱ्या खेपेला तुझी आई म्हणाली, मी पण येते. मी चकित झालो. इतक्या माणसांच्या घरात कोण कधी जेवणार हे तिच्यावाचून ठरत नाही, आणि ती भाकरीची परात काकूच्या हाती देऊन, नवी साडी नेसून दारात उभी.

नाशिकला उतरल्यावर तिनं वेगळंच सुरू केलं. घर बघायच्या आधी ती त्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. उन्हं कलली तरी हलायची नाही. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, "इथल्या बाया एकट्या चालताना मागं वळून बघतात का, ते बघते." एका ठिकाणी ती घर न बघताच परत फिरली. सनीला काही कळेना. मला कळलं, पण मी त्याला सांगितलं नाही.

इंदिरानगरला एक जुनी सोसायटी आहे. दुसरा मजला, पायऱ्या रुंद, फाटकाशी कडुनिंब. मालक मुलाकडे पुण्याला गेले म्हणून घर विकतायत. तिथून अंबड जवळ, बसचा थांबा कोपऱ्यावर, आणि दिवेलागणीनंतरही रस्त्यावर बायका-पोरींची ये-जा. आत दोन खोल्या नेहमीसारख्या. तिसरी मागची, लहानशी. तिच्या खिडकीतून छपरांच्या पलीकडे पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो.

सनी मला मोरीतले नळ दाखवत होता. परत आलो तर तुझी आई मागच्या खोलीत भिंतीला टेकून, पाय पसरून जमिनीवर बसलेली. चपला काढून बाजूला ठेवलेल्या. डोंगर तेव्हा निळा होत होता. मी हाक मारली, तिनं ऐकली नाही. सनीनं घसा खाकरला. बऱ्याच वेळानं तिनं आमच्याकडे बघितलं, झोपेतून उठून बघावं तसं, आणि म्हणाली, "किती शांत आहे हो इथं."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. घाटात मला वाटलं झोपली. पाहिलं तर डोळे उघडे होते.

तर घर मला पसंत आहे. आईला विचारलं, तर ती म्हणाली, निकिताला आवडेल. तिला स्वतःला आवडलं का, ते बोलली नाही. तू ये आणि एकदा डोळ्यांखालून घाल.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे
नाना


देवळा
२९ एप्रिल २०२५

चि. निकिता,
आशीर्वाद.

ऊन फार आहे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. पावसाळी बियाणं यायला सुरुवात झालीय, दुकानात पोत्यांमधून वाट काढावी लागते. सोमनाथकाका विचारत होते, निकिता जूनमध्ये नक्की येतेय ना? मी हो म्हटलं. तू खरेदीखताच्या दिवशी आलीस, सह्या केल्यास आणि संध्याकाळी परत गेलीस, तेव्हा तुझ्याशी धड बोलताही आलं नाही.

परवा फोनवर तू आईला विचारलंस, "मागं इतकं शांत कसं? पोरं कुठं आहेत?" तिनं सांगितलं, मामाच्या गावाला गेलीत. पोरं इथंच आहेत, निकिता. मी हे लिहितोय तेव्हा ती दुकानाच्या ओट्यावर भांडतायत.

आई इथं नाही.

घाबरू नकोस, तिची तब्येत ठणठणीत आहे. ती तुझ्या घरी आहे, इंदिरानगरला. घर ताब्यात आलं तेव्हा म्हणाली, चार दिवस जाऊन झाडून-पुसून येते, पोरगी आली की तिला आयतं मिळेल. मी बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांनी फोन केला तर म्हणाली, अजून खिडक्या राहिल्यात. मग म्हणाली, माळा राहिलाय. मग मी विचारायचा थांबलो आणि तीही सांगायची थांबली. आता महिना उलटून गेला.

मी तुला सांगणार होतो, पण ती म्हणाली, मीच सांगेन. रोज फोनवर तुझ्याशी बोलायची आणि ठेवून द्यायची. काल मला म्हणाली, "तुम्हीच लिहा. माझ्या तोंडून निघत नाही." म्हणून हे पत्र.

घरात सुरुवातीला मी सांगत होतो, निकिताचं घर लावायला गेलीय. काकूनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, नंतर माझ्याकडे नुसती बघायला लागली. गल्लीतली बयाबाई तर दुकानात येऊन म्हणाली, तुमच्या कुसाबाईला काही दुखणं निघालं का, आमच्यापासून लपवू नका. मी कीटकनाशकाचा पुडा काढायला आत गेलो आणि ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही.

दोन आठवड्यांपूर्वी एका शनिवारी न कळवता नाशिकला गेलो. मनात काहीबाही येत होतं. माझ्यावर रागावली असेल का? कुणी लागेल असं बोललं असेल का? काकूशी काही बिनसलं असेल का? पायऱ्या चढताना वाटलं, आपण कुणा परक्याच्या घरी चाललोय. बेल वाजवली. आतून तिनं विचारलं, "कोण आहे?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न तिनं मला कधी विचारला नव्हता. तसा प्रसंगच आला नाही. घरी मी येतो तेव्हा दार उघडंच असतं. मग म्हटलं, "मी. कारभारी."

तिनं दार उघडलं. केस धुतलेले, मोकळे. डोळ्यांवर चष्मा. आत भाताचा वास होता. ताट वाढलेलं होतं आणि अर्धं जेवण झालेलं होतं. वाफा येणारा भात ती खात होती, निकिता, आणि माझ्यासाठी ती थांबली नाही. मला म्हणाली, बसा, तुम्हाला वाढते, आणि आधी आपलं जेवण संपवलं. मी तिच्याकडे बघत बसलो. आपल्या घरी ती कधी जेवते, हे मी आठवून बघितलं. मला आठवेना.

जेवण झाल्यावर मागच्या खोलीत बसलो. तिथं तिनं एक चटई टाकलीय, बाकी काही नाही. मी विचारलं, दिवसभर काय करतेस? तर म्हणाली, सकाळी उठते, डोंगर बघते, चहा करते, पुन्हा बघते. समोरच्या शुभांगीताई तिला पहाटे जॉगिंग ट्रॅकवर फिरायला नेतात. त्यासाठी तिनं बूट घेतलेत. साडीवर बूट कसे दिसतात, असं मी म्हणालो, तर हसली. म्हणाली, पायांना बरे वाटतात. हे सगळं ती हळूहळू सांगत होती, मध्ये मध्ये थांबत, आणि थांबली की खोलीत काहीच आवाज नसायचा. पडदा आत यायचा, बाहेर जायचा. मलाही गुंगल्यासारखं झालं. आपण कुठल्या गावात आहोत, कुठल्या वयात आहोत, याचा थोडा वेळ विसर पडला.

मग मी धीर करून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही."

"मग कुणाचं?"

"कुणाचंच नाही. मी भांडून आले नाही, रुसून आले नाही. सोळाव्या वर्षी तुमच्या घरी आले. तेव्हापासून सारखी कुणाची तरी वाट बघत बसलेय. तुम्ही दुकानातून यायची, पोरं शाळेतून यायची, कुकरच्या शिट्टीची. आता थोडे दिवस कुणाची वाट न बघता राहायचंय." आणि मग खिडकीकडे तोंड करून आपल्या बोलीत हळूच म्हणाली, "माले आठे बरं वाटस." तिला तिथं बरं वाटतं, एवढंच.

तिनं माझ्यावर काही आरोप केला असता तर मला बोलता आलं असतं. तिनं काहीच केला नाही. डोंगरावर ढगाची एक सावली आली होती, ती उतरून जाईपर्यंत आम्ही दोघंही ती बघत होतो. नवराबायको मिळून आम्ही कधी काही बघितलं असेल, तर ते हे पहिलंच.

रात्री मी पुढच्या खोलीत झोपलो. सकाळी ती फिरून आली, चहा दिला, आणि मी निघताना म्हणाली, "येत जा. पण फोन करून या." बसमध्ये मला हे वाक्य आधी टोचलं. भावडबारीचा घाट चढेपर्यंत टोचतच होतं. घरी पोहोचलो तेव्हा मात्र मी सोमनाथकाकांना आणि काकूला बसवून खरं सांगून टाकलं. म्हटलं, तिला तिथं राहायचंय. कधीपर्यंत, ते मला माहीत नाही. काकू उठून आत गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "ताईंना सांगा, उन्हाळ्याचे पापड मी घालते, काळजी करू नका." तिचे डोळे ओले होते. कशानं, ते मी विचारलं नाही.

घर चाललंय, निकिता. भाकऱ्या होतात, पोरांचे डबे भरले जातात. तिच्यावाचून अडेल असं मला वाटलं होतं. तसं काही अडलं नाही. अडलंय ते माझंच. दुकान बंद करून घरी आलो की मी स्वयंपाकघराच्या दाराशी विनाकारण उभा राहतो. मला करमत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस, नाहीतर ती पिशवी भरून परत येईल, आणि मला ती तशी यायला नकोय.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. घर तुझं आहे. तुला एकटीनं राहायचं होतं, स्वतःच्या मनासारखं, हे मला ठाऊक आहे, आणि त्यात काही वावगं नाही. आईलाही ते ठाऊक आहे. तिला भीती वाटते की तू नाही म्हणशील. त्याहून मोठी भीती ही, की तू आनंदानं हो म्हणशील आणि रोज रात्री नऊला ती पुन्हा तुझी वाट बघत ताट झाकून बसेल. तिला फक्त ती मागची खोली हवीय. तिचं तिचं चूल-पाणी, तुझं तुझं. एका घरात दोन बायका, आणि दोघीही एकट्या. असं राहता येतं की नाही, मला माहीत नाही. मी असं घर बघितलेलं नाही. पण गेल्या काही महिन्यांत मी न बघितलेली बरीच घरं बघितली.

तू नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. मी सनीला पुन्हा कामाला लावीन, जवळपास एखादी खोली मिळतेच. पण जे असेल ते तिला तूच सांग, आणि लवकर सांग.

एवढं एक कर. ती परत कधी जाणार, हे तिला विचारू नकोस. मी ते विचारायचं सोडून दिलंय. शुक्रवारी संध्याकाळी फोन लावतो आणि विचारतो, उद्या येऊ का? मागच्या वेळी ती म्हणाली, या.

तुझे,
आणि अजूनही तिचे,
नाना